मोटारीलाही सतरा नंबरचा फॉर्म हवा!

दिवाळीत घरी केलेल्या वस्तूचे आपल्याला कोण कौतुक असते! विकतची चकली कितीही खुसखुशीत असली तरी "घरची नाही वाटतं?" हा प्रश्न ताट पुढे करणाऱ्या बाईला ऐकावा लागतोच. बाजारात नाना तऱ्हेचे कंदील लोंबत असतात. पण बांबूच्या काड्या तासून, बोटे खळीने बरबटवून पोराने केलेला आणि एका अंगाला कललेला कंदीलच गॅलरीत मानाने टांगला जातो. चाळीच्या जिन्याखाली मुलांनी दगडमातीचा किल्ला उभारला की आलागेला पाहुणा वाकून पाहतो आणि म्हणतो, "हातात कला आहे हो पोरांच्या!"

वाचकहो, याच पोरांपैकी एखादा पुढे मोठा होतो. किल्ला करणारे त्याचे हात स्वस्थ बसत नाहीत. लोखंडी पाइप, जुने इंजिन, भंगारातली चाके आणि रविवारच्या सुट्ट्या एवढ्या भांडवलावर तो एक मोटार बनवतो. आता मात्र आपल्या कौतुकाला मर्यादा पडते. गल्लीत टाळ्या वाजतात, वर्तमानपत्रात छायाचित्र येते, एखादा पुढारी शाल-श्रीफळ देतो. आणि ती मोटार गल्लीच्या तोंडाशी येऊन मोठ्या रस्त्याला लागली की पोलीस शिट्टी फुंकतो. नंबर कुठे आहे? नंबर नाही. मग काढून आण. कुठून आणू? याचे उत्तर शिट्टी फुंकणाऱ्याजवळ नसते, शाल देणाऱ्याजवळ नसते, आणि खरे सांगायचे तर सरकारच्या छापील अर्जांतही नसते.

हाच माझा वादाचा मुद्दा आहे. मी मोटारींचा जाणकार नाही. मास्तरकी करतो, फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो, आणि मॅट्रिकच्या पलीकडे माझे स्वतःचे शिक्षण गेलेले नाही. परंतु परीक्षा म्हणजे काय, हे मला चांगले ठाऊक आहे. मध्येच शाळा सुटलेल्या, पोटासाठी कामाला लागलेल्या माणसालाही आपल्या महाराष्ट्रात दहावीच्या परीक्षेला बसता येते. तो सतरा नंबरचा फॉर्म भरतो आणि बाहेरून बसतो. पेपर तोच, तपासणी तीच, पस्तीस गुणांची अट तीच. त्याला कोणी फुकट पास करत नाही. पण "तू आमच्या शाळेचा नाहीस, सबब तुझी उत्तरपत्रिका आम्ही हातात धरणार नाही," असेही कोणी म्हणत नाही. मोटारीच्या बाबतीत मात्र आपला कायदा नेमके हेच म्हणतो.

कायदा काय सांगतो ते आधी नीट पाहू. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ३९ व्या कलमाप्रमाणे नोंदणीवाचून कोणतीही मोटार सार्वजनिक रस्त्यावर चालवता येत नाही. ठीक आहे, असलेच पाहिजे. नोंदणी कशी करायची, हे १९८९ च्या केंद्रीय नियमांतला ४७ वा नियम सांगतो. वीस नंबरचा अर्ज भरा. त्यासोबत एकवीस नंबरचा विक्रीचा दाखला जोडा. हा दाखला कारखानदार किंवा त्याचा विक्रेता देतो. शिवाय बावीस नंबरचा दाखला जोडा. गाडी धुराच्या आणि सुरक्षिततेच्या निकषांत बसते आणि रस्त्यावर चालण्यास योग्य आहे, असे त्यात कारखानदार लिहून देतो. आता ज्याने गाडी स्वतःच्या हातांनी जोडली, त्याने ती विकत घेतलेलीच नाही! तो विक्रीचा दाखला कोणाचा आणणार? आणि रस्त्यायोग्यतेचा दाखला द्यायला त्याचा कारखाना कोणता? अंगणातला?

यावर कोणी म्हणेल, मग त्याने कारखानदाराप्रमाणे रीतसर मान्यता घ्यावी. तीही वाट पाहू. १२६ व्या नियमाप्रमाणे प्रत्येक कारखानदाराने आपल्या नव्या गाडीचा पहिला नमुना सरकारने नेमलेल्या संस्थेकडून तपासून घ्यायचा असतो. या संस्थांपैकी तीन तर आपल्याच महाराष्ट्रात आहेत: पुण्याच्या वेताळ टेकडीवरची, १९६६ साली स्थापन झालेली एआरएआय, भोसरीची सीआयआरटी आणि पूर्वीच्या अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला असलेली संरक्षण खात्याची व्हीआरडीई. जाणत्या माणसांनी भरलेल्या या संस्था आहेत आणि त्यांचा आपल्याला अभिमान वाटावा. परंतु तिथली परीक्षा आखलेली आहे ती एकाच साच्याच्या हजारो गाड्या काढणाऱ्यासाठी. समोरून आणि बाजूने आदळवून पाहण्याच्या चाचण्या नव्या मॉडेलांना २०१७ च्या ऑक्टोबरपासून लागू झाल्या. कारखानदार चार गाड्या भिंतीवर आपटून त्यांचा चुराडा करतो आणि तो खर्च पुढच्या लाख गाड्यांवर वाटून टाकतो. ज्याच्याजवळ एकच गाडी आहे त्याने काय करावे? ती भिंतीवर आपटावी, पास झाल्याचा दाखला घ्यावा आणि तो दाखला त्या चुराड्याच्या काचेवर चिकटवावा?

आणखी एक गंमत ऐका. पूर्वी पहिल्या नोंदणीच्या वेळी गाडी अधिकाऱ्यासमोर उभी करावी लागे. २०१९ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि अधिकृत विक्रेत्याने विकलेली गाडी समोर आणण्याची जरूर नाही, असे ४४ व्या कलमात घातले गेले. म्हणजे दुकानातून आलेली गाडी न पाहताच पास. आणि घरची गाडी समोर आणून उभी केली तरी तिच्याकडे पाहायचे नाही, कारण कागद नाहीत! आपण ज्याला तपासणी म्हणतो ती बहुतांशी कागदांची तपासणी असते, हे यावरून ध्यानात यावे.

मी शीवला राहतो. शीव या शब्दाचा अर्थच सीमा. मुंबई बेट इथे संपे आणि खाडीपलीकडे साष्टी सुरू होई. म्हणूनच सतराव्या शतकात इंग्रजांनी इथल्या टेकडीवर पहाऱ्यासाठी किल्ला बांधला. तेव्हा चौकी, पहारा, तपासणी हे शब्द आम्हा शीवकरांना परके नाहीत. चौकी असावी याबद्दल माझी मुळीच तक्रार नाही. परंतु चौकीला एक दार असते. तिथे येणाऱ्याची झडती होते आणि मग त्याला आत सोडतात किंवा परत पाठवतात. जिला दारच नाही तिला चौकी म्हणत नाहीत, भिंत म्हणतात.

आता विरुद्ध बाजूचे म्हणणे ऐकून घेऊ, कारण ते हलके नाही. माझ्या घराजवळच लोकमान्य टिळक रुग्णालय आहे, ज्याला अजूनही सगळे शीवचे इस्पितळ म्हणतात. महामार्गावर मोडलेली माणसे रात्री-बेरात्री तिथे येतात. त्या दारातून येता-जाता जे दिसते ते पाहणारा माणूस रस्त्यावर कोणतीही मोटार सोडा, असे म्हणणार नाही. ब्रेक निकामी झालेली मोटार घरची होती की कारखान्याची, हे तिच्याखाली सापडलेल्याला विचारण्यात अर्थ नसतो. उत्तर हिंदुस्थानात पाण्याच्या पंपाचे इंजिन लाकडी सांगाड्यावर बसवून 'जुगाड' नावाच्या गाड्या माणसे वाहत असत. अपघात झाला की नोंदणी नाही, विमा नाही, भरपाई नाही. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, जुगाड हीसुद्धा मोटारच आहे आणि कायद्याच्या अटी पुऱ्या केल्यावाचून तिला रस्त्यावर येता येणार नाही. हा निकाल योग्यच होता.

परंतु या निकालातूनच माझा प्रश्न निघतो. अटी पुऱ्या करा, असे न्यायालय म्हणते. मला अटी पुऱ्या करायच्या आहेत, माझी गाडी तपासा, असे म्हणत जो सरळ माणूस दारात येतो त्याला आपण काय सांगतो? त्याला आपण त्या जुगाडवाल्याच्याच रांगेत उभे करतो. जो तपासणी चुकवतो तो आणि जो तपासणी मागतो तो, हे दोघे कायद्याच्या लेखी एकच! शाळेत कॉपी करणारा आणि बाहेरून परीक्षा देऊ इच्छिणारा या दोघांना एकच छडी मारणाऱ्या मास्तराला आपण काय म्हणू?

हा सरळ माणूस माझ्या कल्पनेतला नाही. रात्रशाळेत शिकवत असताना माझ्या वर्गात शीव-कोळीवाड्याच्या बाजूचा एक मुलगा होता. दिवसा गॅरेजात काम, रात्री शाळा. भूमितीत यथातथा, पण एखादी कानस हातात दिली तर लोखंडाला लोण्यासारखे वळवील असा. त्याने दोन वर्षे रविवार-रविवार खपून दोन माणसांची एक लहानशी मोटार उभी केली. पाइपचा सांगाडा स्वतः जोडला. इंजिन, स्टिअरिंग, ब्रेकचे डबे आणि बसायच्या जागा कुर्ल्याच्या जुन्या बाजारातून एकेक करून आणल्या. प्रत्येक वस्तूची पावती त्याने वहीत चिकटवून ठेवली होती. अशी वही माझ्या वर्गात दुसऱ्या कोणाचीच नव्हती.

ही वही घेऊन तो नोंदणीच्या एका कार्यालयात गेला. खिडकीतल्या गृहस्थांनी विचारले, "डीलर कोण?" तो म्हणाला, "साहेब, मीच बनवली." "अरे, ते कळलं. पण डीलर कोण?" त्या गृहस्थांना मी दोष देत नाही. त्यांच्यापुढच्या कागदावर 'मीच बनवली' असे लिहायला रकाना नव्हता. मुलगा चार वेळा गेला. चौथ्या खेपेला बाहेर उभ्या असलेल्या एका दलालाने त्याला बाजूला घेऊन उपाय सांगितला: एखाद्या मोडीत निघालेल्या गाडीचे कागद विकत घे, तिचा चासी नंबर तुझ्या सांगाड्यावर ठोक, की झालं! वाचकहो, हा उघड गुन्हा आहे. आणि प्रामाणिकपणाची वाट बंद असली की नेमकी हीच वाट मोकळी राहते. मुलाने ती धरली नाही. दोन पावसाळे गाडी ताडपत्रीखाली भिंतीला टेकून उभी होती. मग गल्ली मोकळी करण्याची वेळ आली आणि ती वजनावर भंगारात गेली. त्याची आई मला रस्त्यात भेटली तेव्हा म्हणाली, "सर, तुम्हीच सांगा त्याला, आता असलं काही करू नको म्हणावं." आज तो मोटारींच्या दुरुस्तीच्या एका मोठ्या दुकानात बोल्ट आवळतो. पगार बरा आहे. त्यानंतर त्याने काही बनवल्याचे माझ्या कानावर नाही. त्या गाडीचे ब्रेक चांगले होते की वाईट, हे आजतागायत कोणालाच कळलेले नाही, कारण ते कोणी पाहिलेच नाहीत. माझे दुःख एवढेच आहे.

सरकारला नियम वाकवता येत नाहीत, असे कोणी सांगू लागला तर विश्वास ठेवू नका. नियमांना दारे पाडता येतात आणि पाडलेलीही आहेत. २०१८ साली केंद्र सरकारने नियम बदलून, परदेशी मान्यता असलेल्या मोटारी कंपन्यांना वर्षाला २५०० पर्यंत इथे पुन्हा चाचणी न करता आणता येतील, अशी सवलत दिली. २०२१ च्या जुलैत पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात जपलेल्या मोटारींसाठी वेगळी नोंदणी काढली. फी २० हजार रुपये, मुदत दहा वर्षे, पाटीवर 'व्हीए' ही वेगळी अक्षरे. आणि अट अशी की गाडी रोजच्या वापराला न्यायची नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती एवढ्यापुरती रस्त्यावर आणायची. दोन्ही सवलतींना माझा विरोध नाही. आजोबांची जुनी मोटार नातवाने पुसून-पासून रस्त्यावर आणावी, हे छानच आहे. परंतु ज्याच्या आजोबांजवळ मोटार होती त्याच्यासाठी एक दार, ज्याला परदेशी मोटार परवडते त्याच्यासाठी दुसरे दार, आणि ज्याच्या आजोबांजवळ फक्त ऐरण-हातोडा होता त्याने भिंतीकडे पाहत बसायचे, ही वाटणी कोणत्या न्यायाची?

जमिनीवरचे राहू द्या, आकाशातले पाहा. कांदिवलीच्या चारकोपमधल्या एका इमारतीच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादव यांनी सहा आसनी विमान बांधले. २०१६ च्या फेब्रुवारीत 'मेक इन इंडिया'च्या प्रदर्शनात ते मांडले होते. हे प्रदर्शन वांद्रे-कुर्ला संकुलात, म्हणजे आमच्या शीवहून धारावी ओलांडली की लगेच. यादवांनाही नियमांशी वर्षानुवर्षे झुंजावे लागले. अखेर राज्य सरकारने पाठबळ दिले, २०१७ च्या नोव्हेंबरात विमानाची नोंदणी झाली आणि २०१९ साली उड्डाणाच्या चाचणीचा परवाना मिळाला. गच्चीवर बांधलेल्या विमानाला नंबर मिळतो. तपासणीचे काम अवघड आहे, हे कारण मग मोटारीच्या बाबतीत कसे पुढे करता येईल?

उलट मोटारीचे काय होते, त्याचे उदाहरण सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावात घडले. हे यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव. तिथल्या दत्तात्रय लोहार यांनी सुमारे ६० हजार रुपये खर्चून, भंगारातल्या वस्तूंपासून, दुचाकीसारखी किक मारून सुरू होणारी एक छोटी चारचाकी बनवली. २०२१ च्या डिसेंबरात तिची चित्रफीत देशभर गाजली. उद्योगपती आनंद महिंद्र यांनी कौतुक केले आणि त्याच वेळी स्पष्ट सांगितले की, ही गाडी नियमांत बसत नसल्याने अधिकारी आज ना उद्या तिला थांबवतील. तेव्हा तिच्या बदल्यात मी नवी बोलेरो देतो. २०२२ च्या जानेवारीत लोहार कुटुंबाला ती मिळालीही. महिंद्रांनी केले ते मोठ्या मनाचेच केले. पण एका उद्योगपतीने जे दोन ओळींत ओळखले, त्याची लाज राज्यकर्त्यांपैकी कोणालाच वाटली नाही याचे मला नवल वाटते. लोहारांना नवी गाडी मिळाली. त्यांच्या गाडीला परीक्षा मात्र मिळाली नाही. ती नापास झाली असती का? कदाचित झाली असती. मग काय नापास झाले ते त्यांना कळले असते आणि दुसरी गाडी अधिक चांगली झाली असती. हुशार विद्यार्थ्याला दुसऱ्याची सोडवलेली वही बक्षीस देऊन घरी पाठवणे, ही काही शिकवण्याची रीत नव्हे.

याआधीही एकदा असेच झाले होते. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनी १९४९ साली आपल्या छोट्या मोटारीचा पहिला नमुना तयार केला. 'मीरा' हे त्या मोटारीचे नाव. एकामागून एक नमुने सुधारत ते १९७० नंतरच्या वर्षांपर्यंत झटत राहिले. पण मीरा कारखान्यापर्यंत पोचली नाही. आता तारखेकडे लक्ष द्या. १९४८ साली लंडनमध्ये कॉलिन चॅपमन नावाचा एक तरुण एका गॅरेजात जुन्या ऑस्टिन सेव्हनवर स्वतःची मोटार बांधत होता. त्यातून पुढे लोटस ही जगप्रसिद्ध कंपनी उभी राहिली आणि घरी जोडण्याच्या सुट्या भागांच्या पेट्याही ती विकू लागली. चॅपमनचे हात आणि आपल्या कुलकर्ण्यांचे हात यांत मला फरक दिसत नाही. भांडवल, बाजारपेठ, नशीब यांत फरक असेल. पण एक फरक आपल्या हातचा होता आणि आहे: तिकडे घरी मोटार जोडणे हा नागरिकाचा साधा उद्योग मानला गेला आणि त्याच्याभोवती हळूहळू नियम बांधले गेले. इकडे नियम आधी बांधले आणि त्यात माणसाला जागा ठेवायचे राहून गेले.

इंग्लंडातले ते नियम काय आहेत? १९९८ पासून तिथे एकट्या गाडीची वेगळी तपासणी होते. २००९ पासून तिची आजची पद्धत सुरू आहे. गाडी भिंतीवर आपटत नाहीत. तपासनीस ब्रेक मोजतो, स्टिअरिंग पाहतो, पट्टे जिथे ठोकले आहेत ती जागा पाहतो, दिवे, आरसे, वेगदर्शक, धूर, आवाज पाहतो. पादचाऱ्याला लागेल अशी धारदार कड कुठे आहे का, हेही तपासतो. नापास झाली तर कशात नापास ते लेखी देतो. मालक घरी जातो, तेवढे सुधारतो आणि पुन्हा येतो. ज्या गाडीच्या भागांचे वय ठरवता येत नाही, तिच्या पाटीवर 'क्यू' अक्षर येते, म्हणजे घेणाऱ्याने समजून घ्यावे. लाल शाईने खुणा करून वही परत द्यायची आणि पुन्हा लिहून आण म्हणायचे, हेच तर आम्ही शाळेत करतो! यात विलायती असे काय आहे?

आपल्याकडे असे करणारी माणसे नाहीत, हेही खोटे. २००७ पासून मध्य प्रदेशातल्या पीथमपूरला अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांची 'बाहा' ही स्पर्धा भरत आली आहे. विद्यार्थी स्वतः गाडी आखतात, जोडतात. जाणकार परीक्षक सांगाड्याचा पाइप न् पाइप तपासतात, चारही चाके एकदम जाम होईपर्यंत ब्रेक दाबून पाहतात, मगच गाडीला मैदानात सोडतात. विद्याविहारच्या सोमय्या महाविद्यालयाची, माटुंग्याच्या व्हीजेटीआयची मुले अशा स्पर्धांसाठी गाड्या बांधतात. म्हणजे एकट्या गाडीची कसून तपासणी कशी करावी हे या देशात माहीत आहे, ती करणारेही आहेत. फक्त ती सुविधा महाविद्यालयात प्रवेश मिळालेल्यांनाच आहे, आणि तीही मैदानापुरती. गॅरेजातल्या पोराने काय पाप केले?

शेवटची सबब राहते ती कायद्याची. कायदाच परवानगी देत नाही हो! तर तेही खरे नाही. २०१९ च्या दुरुस्तीने याच कायद्यात '२ ब' हे कलम घातले गेले. नव्या शोधांना, संशोधनाला उत्तेजन मिळावे म्हणून काही प्रकारच्या वाहनांना कायद्याच्या तरतुदींतून सूट देण्याचा अधिकार त्याने केंद्र सरकारला दिला आहे. शिवाय ११० व्या कलमाचे तिसरे उपकलम तर फार आधीपासून सांगते की, केंद्राने ठरवलेल्या अटींना अधीन राहून राज्य सरकार कोणत्याही मोटारीला बांधणीच्या नियमांतून सूट देऊ शकते. कोणत्याही मोटारीला! भिंतीत दार आहे, कडी आहे. कडी काढायचा हात तेवढा हवा.

कडी काढून काय करावे, तेही सांगतो, म्हणजे मास्तर नुसता बडबडतो असे व्हायला नको. घरी बांधलेल्या मोटारीसाठी एक वेगळा अर्ज काढा. एका माणसाला एकच गाडी. ती स्वतःच्या वापराची. भाड्याने चालवायची नाही आणि ठराविक वर्षे विकायची नाही. ब्रेक, स्टिअरिंग, पट्टे, दिवे हे मान्यता असलेल्या गाड्यांचेच वापरायचे आणि त्यांच्या पावत्या दाखवायच्या. तपासणी तीनदा करा. आधी कागदावरचा आराखडा. मग पत्रा चढवण्यापूर्वीचा उघडा सांगाडा, कारण पत्र्याखाली गेलेला जोड पुढे देवालाही दिसत नाही. आणि शेवटी पुरी झालेली गाडी. धुराची मर्यादा सगळ्यांना आहे तीच ठेवा. ज्याला जमणार नाही त्याने विजेची मोटर बसवावी. वेगाला मर्यादा घाला, द्रुतगती मार्ग बंद ठेवा, तिऱ्हाइताचा विमा सक्तीचा करा, पाटीवर वेगळे अक्षर द्या. फी ठरवा, पण ती गॅरेजातल्या पगारात बसेल अशी ठरवा. आणि नापास केलेत तर कशात, ते लेखी द्या. यात सवलत कुठेच नाही. उलट आज दुकानातल्या गाडीची होते त्याहून ही तपासणी अधिक कडक आहे.

या गाड्या थोड्याच असतील, त्यांच्यासाठी एवढा खटाटोप कशाला, असे एखादा विचारील. बाहेरून दहावीला बसणारेही थोडेच असतात. पण त्या फॉर्ममुळे शाळा सुटलेल्या प्रत्येक मुलाला एक गोष्ट ठाऊक असते: दार अजून बंद झालेले नाही. ही जाणीव गेली की माणूस हत्यार खाली ठेवतो. हाताने काही करणाऱ्या जातींना आणि माणसांना आपण शतकानुशतके पंगतीत मागे बसवले. आता यंत्रयुगाच्या गप्पा मारताना पुन्हा तेच करायचे का?

यंदाच्या दिवाळीत तुमच्या गॅलरीत मुलाने केलेला कंदील टांगलेला असेल, तर त्याला शाबासकी जरूर द्या. पण आपल्या आमदाराला, परिवहन मंत्र्यांना एक पोस्टकार्डही टाका. त्यावर फार लिहू नका. एवढेच लिहा की, घरच्या मोटारीला नापास करायचे तर खुशाल करा. पण साहेब, तिला परीक्षेला बसू द्या.